गुडघ्याचा ब्रेस (आधाराचं आवरण) शिवताय? आधी बिजागरीचं बघा

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नाही, वाकताना मांडीचं हाड खालच्या हाडावर फिरतं आणि थोडं घसरतंही, म्हणून एकाच खिळ्यावर फिरणारी बिजागरी लावली की ब्रेस हळूहळू खाली सरकतो नि काचतो. दोन दातेरी चाकांची घ्या, पॉलिसेंट्रिकवाली, म्हणजे एकाहून जास्त केंद्रांभोवती फिरणारी. पाय सरळ ठेवून ती साधारण वाटीच्या मध्याच्या उंचीला, बाजूने बघताना जरा मागे लावायची. आधार बाजूच्या कडक पट्ट्या देतात, आडवं वाकणं त्याच अडवतात, बाकी मोकळं सोडा. कापड 3-4 मिमी निओप्रीन (रबरासारखं ताणणारं) चालेल (घाम येतो, उन्हाळ्यात नकोसं होतं). गुडघ्यामागे खाच कापाच, नाहीतर खुर्चीत बसून दाखवा! पक्की शिलाई मारायच्या आधी 90 अंशात वाकवून बघा, कड रुतली तर तिथेच कापा.