वाचलेलं लक्षात राहावं म्हणून पुस्तक कसं वाचावं

पुस्तक आवडीने वाचून संपवलेलं असतं. महिन्याभराने कुणी विचारतं, "काय आहे त्यात?" आणि "छान आहे, वाच" याच्या पुढे काही सांगता येत नाही. बरेच जण मग स्मरणशक्तीला दोष देतात. मीही देत होतो. खरी अडचण अशी की आपण वाचतो भरपूर, पण वाचलेलं आठवून बघायची वेळ स्वतःवर येऊच देत नाही.

आधी प्रश्न लिहा

माहितीपर पुस्तक थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. दहा मिनिटं अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटची सूची चाळा, मग वहीत दोन-तीन प्रश्न लिहा. समजा, पुस्तक महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळावर आहे. लोकांना काम कुणी दिलं? त्यासाठी पैसा कुठून आला? दुष्काळ सरल्यावर त्या कामांचं पुढे काय झालं? असे प्रश्न मनात असले की डोळे नुसते ओळींवरून घसरत नाहीत, उत्तर शोधू लागतात. कथा-कादंबरीला मात्र ही पायरी लावू नका. तिथे काहीच माहीत नसताना आत शिरण्यात मजा असते.

वेळ ठरवा, पानं मोजू नका

रोज वीस मिनिटं पुरतात. जागा आणि वेळ शक्यतो तीच ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पेन्सिल जपून चालवा

पानभर रेघा मारल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, पण महत्त्वाचं काय हे ठरवायचं काम मागेच राहतं. प्रकरण पूर्ण वाचून झाल्यावर मागे या आणि फार तर दोन-तीन जागी खूण करा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर तेवढीही नको. चिठ्ठीवर पान क्रमांक लिहून ती आत ठेवा.

पुस्तक मिटा आणि आठवा

बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, एवढं सोडू नका. प्रकरण संपलं की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. पाच मिनिटं. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भरा.

वरच्याच पुस्तकाचं बघा. रोजगार हमी योजना आठवेल, तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे यांचं नावही आठवेल. पण योजनेचा कायदा कधी झाला? इथे हात अडतो. पुस्तक उघडल्यावर १९७७ हे साल सापडतं आणि आता ते पक्कं बसतं, कारण ते आपण शोधलेलं असतं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो. आठवताना डोक्याला ताण पडतो, कंटाळा येतो, पहिल्या दिवशी जेमतेम चार ओळी होतात. होऊ द्या. त्या ताणातूनच गोष्ट लक्षात राहते.

उजळणी अंतरा-अंतराने करा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५मध्ये निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, पुढची आठवड्याने, त्यानंतरची महिन्याने. दर वेळी आधी आठवायचं, मगच वही उघडायची.

रोजच्या जगण्याशी जोडा

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या अनेकांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठीच हा कर १९७५मध्ये लागू झाला, हे कळलं की पगाराच्या चिठ्ठीवरची ती ओळ थेट दुष्काळाशी जाऊन भिडते. असा एक जरी धागा सापडला तरी अख्खं प्रकरण त्याला धरून राहतं. सापडला की घरात कुणाला तरी सांगा. समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं आणि आपण अडखळलो, तर पुन्हा कुठलं पान उघडायचं तेही कळतं.

पन्नास पानांनंतरही पुस्तक पकड घेत नसेल तर खुशाल बाजूला ठेवा.

आणि ग्रंथालयाचं पुस्तक परत करायच्या दिवशी पाच मिनिटं आधी पोहोचा. तिथल्या बाकावर बसून सुरुवातीला लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं न बघता द्या. जे अडेल ते पान तिथेच उघडून वाचा आणि मग पुस्तक जमा करा.