एफएनपीला अ‍ॅप्लाय करताय? आधी पाकिटाचं बघा

गेल्या वर्षी माझा एफएनपीचा (अमेरिकेतल्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सचा) अर्ज रिजेक्ट झाला नाही, तो कुणी वाचलाच नाही. पोर्टलवर शेवटपर्यंत ‘इन्कम्प्लीट’ दिसत राहिलं. निबंध गेला होता, तिन्ही रेकमेंडेशन आली होती, फी भरली होती, आणि नव्हतं काय तर भारतातल्या बीएस्सी नर्सिंगच्या मार्कांचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ते मार्क इथल्या हिशोबात मांडून देणारा रिपोर्ट. म्हणून हे लिहितेय, भारतात शिकून, एनक्लेक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) देऊन, अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) म्हणून लागलेल्या आणि आता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं मनात असलेल्यांसाठी. इथेच बीएसएन (नर्सिंगची डिग्री) केलेल्यांनी पहिला अर्धा भाग सोडा, तुम्ही सुखी आहात.

सगळ्यात आधी, कॉलेजं शोधायच्याही आधी, ट्रान्सक्रिप्ट मागवा. मार्कशीट नव्हे, ट्रान्सक्रिप्ट. माझ्याकडे चारही वर्षांच्या मार्कशीट फायलीत नीट लावलेल्या होत्या, मला वाटलं झालं की. मार्कशीटवर नुसते मार्क. इव्हॅल्युएशन करणाऱ्यांना कुठल्या विषयाची थिअरी किती तास झाली, क्लिनिकल किती तास, हे बघायचं असतं आणि ते कागद कॉलेज-विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करूनच मिळतात. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं, त्याआधी शिकलेल्या सिनियर सिस्टर्सच्या डिग्रीवर दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव असतं. तेव्हा अर्ज कुठे करायचा ते डिग्रीवरचं नाव बघून ठरवा.

आता पाकीट. हे नीट वाचा कारण माझं वर्ष इथे गेलं. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात लागतं, पाकीट चिकटवतात त्या जागेवर शिक्का आणि सही. काही ठिकाणी ते संस्थेनेच थेट पाठवायचं असतं, काही ठिकाणी तुम्ही न उघडता पाठवलेलं चालतं, ते आधी विचारून घ्या. मी दादाला पाठवलं आणायला. त्याने ते आणलं, घरी येऊन फोडलं, आतल्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, खाली लिहिलं ‘छान मार्क आहेत गं’, आणि वरून सेलोटेप लावून कुरिअर केलं. शिक्क्याच्या बरोबर मधून चीर. ते अर्थातच चाललं नाही. त्याची काय चूक, मीच त्याला सांगितलं नव्हतं. जो कोणी आणायला जाईल त्याला फोनवर सांगा, मेसेज करा, परत सांगा, की उघडायचं नाही. आणि दोन पाकिटं घ्या, एक जास्तीचं.

दुसरा घोळ म्हणजे मला वाटत होतं लायसन्सच्या वेळी सीजीएफएनएसकडून (परदेशी नर्सेसचे कागद तपासणारी संस्था, आता त्यांनी नाव ट्रूमेरिट केलंय) रिपोर्ट झालेलाच आहे, तोच चालेल. नाही चालत. लायसन्ससाठीचा रिपोर्ट वेगळा, अ‍ॅडमिशनला कोर्स-बाय-कोर्स लागतो, एकेका विषयाचे क्रेडिट, ग्रेड आणि शेवटी जीपीए (चारपैकी सरासरी). आणि ते आपल्याच फायद्याचं आहे, कारण आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि इथल्या माणसाला साठ दिसले की पोरगी कशीबशी सुटली असं वाटतं. बरेच प्रोग्राम ३.० जीपीए मागतात. तुमचे टक्के बघून स्वतःच गणित मांडून घाबरू नका, रिपोर्ट येऊ दे. पण तो रिपोर्ट पाकीट पोचल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणून पाकीट आधी.

नाव! मार्कशीटवर माहेरचं नाव, मध्ये वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं, मध्ये नवऱ्याचं. माझ्या ओळखीतल्या एकीचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं, कागदावर ती तीन वेगळ्या बायका. मॅरेज सर्टिफिकेट स्कॅन करून ठेवा, अर्जात आधीची नावं विचारतात तिथे सगळी नावं स्पेलिंगसकट भरा, आणि ट्रान्सक्रिप्टच्या अर्जात डिग्रीवरचंच नाव घाला.

जीएनएमवाल्यांना (डिग्री नाही, डिप्लोमा असलेल्यांना) सरळ एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर्सला, एफएनपी हा त्यातलाच ट्रॅक) बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, आधी आरएन टू बीएसएन करा किंवा डिप्लोमावरून मास्टर्सपर्यंत नेणारा ब्रिज प्रोग्राम शोधा.

ट्रान्सक्रिप्ट मागवलं का? मग बाकीचं.

आधी एक ठरवा की एफएनपीच हवंय ना. फॅमिली म्हणजे प्रायमरी केअर, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे, क्लिनिकमध्ये तपासायचं, निदान करायचं, औषधं लिहून द्यायची. आयसीयूत राहायचं असेल तर अ‍ॅक्यूट केअरचा ट्रॅक वेगळा आहे, नंतर बदलायचं म्हणजे पुन्हा सर्टिफिकेट, पुन्हा परीक्षा. (आईला अजून वाटतं मी डॉक्टर होणार आहे. मी समजावणं सोडलंय.)

कॉलेज बघताना नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता आहे का ते बघा, नसेल तर पुढचं वाचूच नका, सर्टिफिकेशनच्या परीक्षेला अडकाल. ऑनलाइन असेल तर तुम्ही राहता त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ते घेतात का ते विचारा. मग तिसरा प्रश्न, जो ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतो: प्रिसेप्टर कोण शोधून देणार? २०२२ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे पेशंटबरोबरचे किमान ७५० तास लागतात, आधी ५०० होते. ते करून घेणारा डॉक्टर किंवा एनपी (नर्स प्रॅक्टिशनर), म्हणजे प्रिसेप्टर, तुम्हालाच शोधायचा असेल तर या देशात ना काका ना मामा, दारोदार फिरणार कोण? कॉलेज शोधून देत असेल तर थोडी जास्त फी परवडली.

स्टॅटिस्टिक्स. आपल्याकडे तो रिसर्चच्या पेपरात मिसळलेला असतो आणि काही कॉलेजं म्हणतात वेगळा कोर्स दाखवा, तोही अलीकडचा. कम्युनिटी कॉलेजात एक सेमिस्टर करून टाका, नाइट करून होतो, मी केला. टोफेल-आयएल्ट्सचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, व्हिसाच्या वेळचा काढू नका. जीआरई बऱ्याच ठिकाणी लागत नाही आता.

रेकमेंडेशनला एक तुमची मॅनेजर, एक शक्यतो एनपी किंवा डॉक्टर जिने तुम्हाला काम करताना बघितलंय, आणि एक शिकवणारी. शिकवणाऱ्या मॅडम रिटायर होऊन गावी गेल्यात, त्यांचा जीमेल आहे आणि इथे संस्थेचा ईमेल मागतात, तेव्हा कॉलेजला आधी विचारा काय चालेल. लिंक स्पॅममध्ये जाते. मॅडमना फोन करून सांगा, भारतातली वेळ बघून.

निबंधात ‘लहानपणापासून सेवेची आवड’ लिहू नका, सगळे तेच लिहितात. मी हॉस्पिटलात आमच्या मजल्यावर असलेल्या एका आजोबांबद्दल लिहिलं, हार्ट फेल्युअरने थोड्याच दिवसांत तिसऱ्यांदा आलेले, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डाएट शीट दर वेळी दिलेलं. तिसऱ्या वेळी कळलं की ते रोज रात्री दुकानातलं डबाबंद सूप पितात, सूप म्हणजे पथ्याचंच असं समजून, आणि डब्यावर लिहिलेलं सोडियम (मिठाचं प्रमाण) कुणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. हे क्लिनिकमध्ये बसून आधी कुणी विचारलं असतं तर ते माझ्या मजल्यावर आलेच नसते, म्हणून मला एफएनपी व्हायचंय, एवढंच लिहिलं. असा एखादा पेशंट प्रत्येकीकडे असतो. नाव-गाव अर्थातच नाही.

नर्सिंगकॅसवरून (अनेक कॉलेजांसाठीचं एकच अर्जाचं पोर्टल) अर्ज करत असाल तर सबमिट केलं म्हणजे संपलं नाही. कागद पोचून व्हेरिफाय व्हायला आठवडे जातात आणि काही कॉलेजं डेडलाइन धरतात ती व्हेरिफाय झालेल्या तारखेची. यात कुठला कागद सगळ्यात उशिरा येतो? तोच. पाकिटातला.

रेझ्युमे, लायसन्सची कॉपी, बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड, हे माहितीये तुम्हाला.

अ‍ॅडमिशन मिळाल्यावर डिपॉझिट, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट. लशींची लहानपणची कार्डं कुणाकडेच नसतात, टायटर (रोगप्रतिकारशक्ती दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. टीबीच्या स्किन टेस्टला लहानपणच्या बीसीजीमुळे हातावर टेस्टची जागा फुगू शकते आणि मग एक्सरे मागे लागतो, सरळ क्वांटिफेरॉन (टीबीची रक्ततपासणी) मागा.

इंटरव्ह्यू बहुतेक झूमवर. ‘एफएनपीच का’ आणि ‘नोकरी सांभाळून कसं करणार’ हे दोन विचारतातच. दादाने या वेळी पाकिटं देवघराच्या कपाटात ठेवली आणि कुरिअरवाला आल्यावरच बाहेर काढली, पोर्टलवर कंप्लीट आलंय. माझा इंटरव्ह्यू मंगळवारी सकाळी आहे, सोमवारची नाइट बदलून मागितलीये, अजून कुणी घेतली नाही.