डुप्लिकेट पार्ट कसा ओळखायचा

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वर घाट उतरताना माझ्या गाडीचा ब्रेक पार खाली गेला, करकर आवाज अन जळका वास, पहिल्या गिअरवर टाकून कसंबसं खाली आलो. महिन्यापूर्वीच पॅड बदललेले, ओरिजिनल म्हणून. मेकॅनिकनं चाक खोलून दाखवलं तर पॅडचा माल प्लेटपासून सुटत होता, नखानं खरवडला तरी भुगा पडायचा.

तेव्हापासून मी काय करतो सांगतो. आधी जुना पार्ट काढून घ्यायचा, त्यावरचा पार्ट नंबर नव्याशी जुळवायचा. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, एमआरपीचं स्टिकर वर चिकटवलेलं दिसलं की डबा परत. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. ऑइल फिल्टर हातात घेऊन बघा, रबराची रिंग कडक किंवा वाकडी असेल तर नको, नकली फिल्टरमधला कागद फाटला की कचरा थेट इंजिनात जातो, मग हजारांचं काम.

भाव निम्मा सांगितला तर समजून जा राव. जीएसटीचं पक्कं बिल घ्याच, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या, नाहीतर भांडायला हातात काहीच नसतं. फसलात तर पार्ट फेकू नका, डब्यासकट ठेवा, फोटो काढा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका.

आणि हो, ओरिजिनलचे रिकामे डबे फाडूनच भंगारात द्या, त्यातच परत नकली माल भरतात.