एंटरप्राइजचं मॉडेल बांधताना या चुका टाळा: रंगाला दोष देण्याआधी आत बघा

"रंग नीट बसला नाही, आता कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की हल्ली मी उत्तर न देता आधी मॉडेल हातात मागतो. उलटून बघितलं की बहुतेक वेळा रंगाचा काही संबंधच नसतो. सांधा वाळायच्या आत घासलेला असतो, सुटे भाग न धुता रंगवलेले असतात, नाहीतर आतून प्रकाश झिरपत असतो. रंगाने फक्त आधीची चूक उघडी पाडलेली असते.

उदाहरणाला 'स्टार ट्रेक' मालिकेतलं अंतराळयान एंटरप्राइज घेतो. एएमटी या मॉडेल कंपनीने त्याचं सुटे भाग जोडून बांधायचं प्लास्टिकचं किट 1966 मध्ये पहिल्यांदा काढलं आणि ते आजही मिळतं. मूळ जहाज 289 मीटरचं मानतात, म्हणजे 1:650 या प्रमाणात सुमारे 44 सेंटिमीटर. वर बशीसारखी सॉसर, खाली नळकांड्यासारखं धड आणि मागे दोन बारीक खांबांवर दोन लांब इंजिनं, म्हणजे नॅसेल. दिसायला सोपं जहाज आहे. भाग कमी, पृष्ठभाग गुळगुळीत. म्हणूनच त्यावर काहीही लपत नाही.

दिवे लावले, पण अंधारात तपासलं नाही

2023 च्या ऑगस्टमध्ये 23 तारखेला चांद्रयान-3 उतरलं आणि 19 सप्टेंबरला गणपती होते. बहिणीकडे भाच्याने आरास ठरवली: चंद्राची जमीन, त्यावर त्याने स्वतः केलेला पुठ्ठ्याचा लँडर आणि वर लटकणारं एक दिव्यांचं यान. "मामा, तुझं एंटरप्राइज लाव ना." किट कपाटात पडलेलंच होतं. मी हो म्हणालो. चार आठवडेही हातात नव्हते.

एलईडी बसवले, तारा ओढल्या, सॉसरचे दोन्ही भाग चिकटवले, पुट्टी भरली, घासलं, प्रायमर, मग करड्या रंगाचे तीन हात. दिवसाउजेडात जहाज देखणं दिसत होतं. हरतालिकेच्या रात्री खोलीतला दिवा बंद करून बटण दाबलं, तर अख्खी सॉसर आकाशकंदिलासारखी उजळली. खिडक्या कुठल्या आणि भिंत कुठली, काही कळेना. कडेने सांध्याची एक प्रखर रेघ चमकत होती. आणि डाव्या नॅसेलचा दिवा लागलाच नाही.

कारणं दोन. पांढरं पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं प्लास्टिक, पातळ असतं आणि त्यातून प्रकाश सहज आरपार जातो. बाहेरून कितीही रंग चढवा, करडा रंग तो अडवत नाही. दुसरं, नॅसेलमधली जोडणी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला कच्चा जोड, होती. टेबलावर दिवा लागत होता, जहाज बंद करताना तार ओढली गेली आणि जोड सुटला. त्या वर्षी यान आराशीत दिव्यांविना लटकलं. भाचा काही बोलला नाही, पण दर आरतीला त्याची नजर तिकडे जाताना मला दिसायची.

अनंत चतुर्दशीनंतर मी बारीक करवतीने सॉसर सांध्यावर पुन्हा कापली. ते दोन आठवड्यांचं काम झालं. आधीच केलं असतं तर दोन संध्याकाळी लागल्या असत्या.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. आतल्या बाजूला आधी काळा रंग, दोन पातळ हात. तो पूर्ण वाळला की त्यावर पांढरा, म्हणजे प्रकाश आत परावर्तित होतो आणि खिडक्यांना सारखा मिळतो. मग भाग नुसते एकमेकांवर धरून, न चिकटवता, आत मोबाइलचा टॉर्च ठेवतो आणि अंधाऱ्या खोलीत चारही बाजूंनी बघतो. सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला तरी तिथे पुन्हा काळा. सांध्याच्या कडांनाही आतून काळा रंग लावतो, मात्र जिथे सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, लागणार ती जागा कोरी ठेवतो, कारण सिमेंट रंगाला चिकटतं, प्लास्टिकला नाही. ॲल्युमिनियमची टेप अनेकजण वापरतात, प्रकाश छान अडवते, पण तिच्यातून वीज वाहते. उघडी तार तिला टेकली की शॉर्ट.

विजेचं गणित करायला आळस करू नका. 9 व्होल्टची बॅटरी, पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट, उरले 6. वीस मिलिॲम्पिअर हवे असतील तर 300 ओहम, म्हणजे दुकानात 330 चा मागा. मी मात्र 1 किलोओहमच लावतो. सहा मिलिॲम्पिअरमध्ये एवढ्याशा जहाजाला भरपूर उजेड मिळतो, दिवा तापत नाही आणि बॅटरी टिकते. जहाज बंद करण्याआधी दिवे सलग रात्रभर चालू ठेवतो. प्रत्येक तार हलकेच ओढून बघतो. जी सुटायची ती तेव्हाच सुटू दे. बॅटरी जहाजात कधीच कोंबत नाही, ती स्टँडमध्ये.

झुकलेली नॅसेल

समोरून पाहिलं की एक इंजिन वर आणि एक खाली. शेल्फवरच्या कितीतरी एंटरप्राइज अशाच उभ्या असतात. जहाजाची रचनाच तशी आहे: लांब, जड नॅसेल आणि तिचा सगळा भार खांबाच्या बुडातल्या चिंचोळ्या सांध्यावर. सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे तो सांधा निदान दिवसभर मऊ असतो. तासाभरात हातात घेऊन मिरवलं की नॅसेल खाली येणारच. मी खांबात दीड मिलिमीटरची पितळी सळई घालतो आणि ती धडात आतून दोन भागांच्या इपॉक्सीने धरून ठेवतो. अर्थात हे धड बंद करण्याआधी. मागे ग्राफ पेपर उभा करायचा, पुठ्ठ्याचे दोन आधार सारख्या उंचीचे कापायचे आणि जहाज त्यांवर चोवीस तास सोडून द्यायचं. इथे सुपरग्लू नको, तो चुकीच्या कोनातही क्षणात पकडतो.

वॉश ओतून ठेवणं

या चुकीवर माझा जीव खरोखर जळतो, कारण ती करणाऱ्याला संध्याकाळभर वाटत राहतं की काम फार सुंदर झालंय.

एका ओळखीच्या मुलाने न चिकटवता दाबून बसवायचं एक लढाऊ यान महिनाभर खपून बांधलं होतं. शेवटच्या संध्याकाळी त्याने एनॅमल वॉश, म्हणजे खोबणी उठून दिसाव्यात म्हणून लावायचा खूप पातळ केलेला गडद रंग, कुंचल्याने सगळ्या खोबणींत भरभरून सोडला, कुठेतरी व्हिडिओत तसं पाहिलं होतं म्हणून. सकाळी पंखांच्या मुळाशी केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि एक तोफ तुटून खाली आली होती. त्याला वाटलं रात्री मांजर चढलं. मांजराचा काही दोष नव्हता. दाबून बसवलेल्या भागात खुंटी भोकाला सतत ताणून धरत असते. एनॅमलचं थिनर त्या ताणलेल्या प्लास्टिकमध्ये मुरलं की ते ठिसूळ होऊन तडकतं. वॉश जितका जास्त आणि वाळायला जितका उशीर, तितकी भेग खोल.

म्हणून मी घट्ट बसणाऱ्या खुंट्यांची टोकं तिरकी कापतो, भोकांना एक बारीक चीर देतो आणि सिमेंटने जोडतो. वॉशच्या आधी चकचकीत वार्निशचा पूर्ण थर. वॉश फक्त खोबणीला टोकाने टेकवायचा, तो आपोआप धावतो. जमेल तिथे भाग सुटे असतानाच हे काम उरकतो. खुंट्यांजवळ तर पाण्याचाच ॲक्रिलिक वॉश वापरतो, जरा कमी धावला तरी चालेल.

आणि मुळात एवढा वॉश लागतो कशाला? 1:650 मध्ये अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर साडेबत्तीस सेंटिमीटर रुंदीचा चर. चित्रीकरणातलं मूळ मॉडेल सव्वातीन मीटरहून लांब आहे. ते वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे, 2016 मध्ये डागडुजी करून ते पुन्हा प्रदर्शनात मांडलं. त्याच्या सॉसरवरच्या जाळीच्या रेघा पेन्सिलीने काढलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या मॉडेलवर पेन्सिल पुरली, तर हातभर किटवर काळ्या रेघा मारणं मला पटत नाही. मी जहाजाच्या मूळ करड्याहून किंचित गडद करडा घेतो आणि बाकी काम टोकदार पेन्सिलीवर सोडतो.

बाकीच्या, थोडक्यात

स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, भाग एकाच घावात, अंगालगत कापू नका. पांढरा डाग पडतो आणि कधी लचकाच निघतो. आधी लांबून कापा, मग जवळून, उरलेलं घासा.

सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्याचं तेल आणि बोटांचं तेल, दोन्ही प्रायमर उचकटतात.

पारदर्शक भागांजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुकट होते. साधा फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो. बारीक खिडक्या मी त्याच्याच थेंबाने भरतो.

पुट्टी वाळताना आकसते. त्याच दिवशी घासलीत तर महिन्याभराने रंगाखाली सांध्याची सावली उमटेल. मी दोन रात्री थांबतो, मग 400, 600 आणि 1000 नंबरचा पेपर, शेवटचे दोन पाण्यातून.

पावसाळ्यात लॅकर किंवा मॅट वार्निश मारायची घाई नको. दमट हवेत थरावर पाणी धरतं आणि दुधी पापुद्रा येतो. मुंबई-कोकणात जुलैमध्ये मी हे काम बंदच ठेवतो, तेवढे दिवस आतल्या तारा जोडतो.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायचं छापील चित्र, मॅट पृष्ठभागावर लावलं की त्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते. सॉसरवरचं NCC-1701 हे अक्षरांचं डेकल मोठं आणि वक्र जागेवरचं, तिथे ही चमक लगेच डोळ्यात भरते. आधी चकचकीत थर, मग डेकल, वर ते मऊ करणारं द्रव, म्हणजे सॉफ्टनर. सॉफ्टनर लावल्यावर ते सुरकुततं आणि नवशिके घाबरून बोटाने दाबतात. दाबू नका. टेबलावरून उठा, चहा घेऊन या. परत याल तेव्हा ते आपसूक ताणून सपाट बसलेलं असतं.