वेदांतांगलचे पक्षी एका दिवसात कसे पाहावेत?

चेन्नईला कामानिमित्त किंवा नातेवाइकांकडे जाणं झालं, तर एक दिवस वेदांतांगलच्या तळ्यावरच्या पक्षी अभयारण्यासाठी राखून ठेवा. अंतर साधारण ८० किलोमीटर.

तिकिटं काढण्याआधी तिथल्या पावसाची चौकशी मात्र करा. आपल्याकडचा पाऊस परततो, तेव्हा तमिळनाडूचा खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तळं भरलं, की पाण्यात उभ्या असलेल्या निवर आणि बाभळींवर पक्षी घरटी बांधतात. पावसाने दगा दिला तर झाडं ओकीबोकी. पाऊस नीट झालेल्या वर्षी मध्य डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त पोंगलची सुट्टी टाळा, तेव्हा पक्ष्यांपेक्षा माणसंच जास्त दिसतात.

पहाटे पाचच्या आत निघा. जीएसटी रोडने (चेन्नईहून दक्षिणेला जाणारा महामार्ग) चेंगलपट्टू ओलांडून पडाळमला उजवीकडे वळायचं. चेंगलपट्टूपर्यंत लोकल आहे, पण पुढच्या बसच्या भरवशावर राहू नका, गाडी ठरवलेली बरी. सोबत ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, टोपी, पाणी आणि मळखाऊ रंगाचे कपडे.

तळ्याच्या बांधावरून चालत जाता येतं, मनोराही आहे. मनोऱ्यावर धावत सुटू नका. ऊन पाठीशी येईल अशी जागा धरा, एकच झाड निवडा आणि अर्धा तास तिथून हलू नका. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही फट दिसते; गोगलगायी खाणारा हा करकोचा. पिल्लांच्या चोचीत मात्र ती फट नसते, दुर्बिणीतून मुद्दाम पाहा. ऊन चढलं, की आईबाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. चित्रबलाक, पांढरे शराटी, चमचे (स्पूनबिल), पाणकावळे, पेलिकन सगळे शेजारी-शेजारी, आणि चाळीतल्यासारखी भांडणंही.

पक्ष्यांच्या विष्ठेमुळे तळ्याचं पाणी खतावतं आणि तेच भातशेतीला जातं. त्यामुळे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या या पाखरांची राखण करत आले. १७९८ मध्ये त्यांनी इंग्रज कलेक्टरकडून तसा हुकूमही मिळवला. गोंगाट करणाऱ्या पाहुण्याला गावातलं कुणी दटावलं, तर राग मानू नये.

दहाच्या सुमारास जवळच्या करिकिली पक्षी अभयारण्यात जा. तिथे झाडं कमी, उघडं पाणी जास्त, म्हणून तलवार बदक, भुवई बदक आणि चिखलात चोच खुपसणारे पाणथळीतले पक्षी पाहावेत ते इथेच. भर दुपारी काही हाती लागत नाही. जेवा, आराम करा.

चारला पुन्हा वेदांतांगलचा बांध गाठा. चरायला गेलेले थवे परततात, आणि उजेड मावळताना रातबगळे उलट दिशेने कामावर निघतात. रविवार असेल तर थोडं आधीच निघा, चेन्नईच्या वेशीवरच्या तांबरमच्या अलीकडे गाड्यांची रांग लागतेच.