होडीला शेवटचा हात देण्याआधी

आमची पहिली होडी एका पावसाळ्यात मागच्या फळीतून सडली. बारा फुटी, 6 मिलिमीटर मरीन प्लायची, कर्लीच्या खाडीत फिरवायला घरच्या पडवीत बांधलेली. पाणी काढायच्या बुचाचं भोक आम्ही सगळे थर चढल्यावर, होडी सोडायच्या दिवशी, घाईने पाडलं आणि बूच तसंच कोऱ्या लाकडात स्क्रू मारून बसवलं. श्रावणात स्क्रूभोवती रुपयाएवढा काळा डाग दिसला. पेचकस टोचला तर अर्धा इंच आत गेला, आणि बाहेर आला तो ओल्या भुशाने माखून. वरचा रंग तेव्हाही चकचकीत होता.

म्हणून यंदा सगळ्यात आधी भोकं. बुचाचं, वल्ह्याच्या कड्यांचं, दोर बांधायच्या कडीचं, झाडून सगळी. प्रत्येक भोक हवं त्याहून मोठं पाडा, खालून चिकटपट्टी लावा, इपॉक्सीत (दोन द्रव कालवले की कडक होणारी राळ) लाकडाचं बारीक पीठ कालवून ते गच्च भरा आणि कडक झाल्यावर मधोमध मापाचं भोक पुन्हा पाडा. मग स्क्रू इपॉक्सीत बसतो, लाकडाला शिवतही नाही. काम कंटाळवाणं आहे. तरी करा.

कडांचंही तेच. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. पाणी पृष्ठभागातून हळू शिरतं, कापलेल्या टोकातून भराभर. प्लायच्या कडेला आणि नाळेच्या (पुढचं उभं लाकूड), पठाणीच्या (तळाचं मधलं लांब लाकूड) टोकांना पातळ इपॉक्सी पाजत राहा, पिणं थांबेपर्यंत. आम्हाला तीन हात लागले.

घासणं, धूळ पुसणं, हातमोजे, हे सांगायला नको.

हे काम थंडीत उरका. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ओली असते आणि उकाड्यात इपॉक्सी डब्यातच तापून धूर सोडते. थोडंथोडं कालवा, पसरट ताटलीत ओता. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी कडक करणारा दुसरा द्रव, काट्यावर तोलून घ्या. लवकर सुकावं म्हणून जास्त घालाल तर ती चिकटच राहील. पहिला हात ऊन उतरताना द्या, सकाळी नको: लाकूड तापत गेलं की आतली हवा बाहेर येते आणि थरावर फोड उठतात. सुकल्यावर कधीकधी वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवा, मगच घासा. आधी घासलं तर तो मेणचटपणा आत रगडला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळी पडते, भुगा होतो. वरून रंग किंवा उन्हाला टिकणारं व्हार्निश हवंच.

रंग झाल्यावर कोणी म्हणेल, गळ ठेवायला इथे एक खुंटी बसवू या, एकच तर स्क्रू. नाही. तो एक स्क्रूसुद्धा भरलेल्या भोकातच जायचा, नाहीतर खुंटी नको. आमची होडी अशाच एका भोकाने गेली.

पुढचं थोडक्यात. वापरात नसेल तेव्हा होडी पालथी, दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून वर. ताडपत्री अंगाला घट्ट लपेटू नका, खालून वारा खेळू द्या. खाडीच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त सडवतं, मिठात बुरशी सहज धरत नाही. होडी पाण्यात असताना पाऊस पडला की आतलं पाणी त्याच दिवशी उपसा. स्क्रू स्टेनलेसचे. दोर नवा.

सोडायच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन आत वाका आणि भोकं मोजा. आमच्या नव्या होडीत 31 आहेत. प्रत्येकाच्या कडेला इपॉक्सीचं कडं दिसलं पाहिजे. जिथे कोरं लाकूड दिसेल तिथला स्क्रू काढा, भोक भरा, आणि होडी दोन दिवस उशिरा सोडा.