नव्या मेमरीत ‘राइट’ वाचवताय? या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च आला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रोजेक्ट रिव्ह्यूंची धांदल उडते. वीज गेली तरी डेटा धरून ठेवणाऱ्या पीसीएम, रीरॅम, एमरॅम अशा मेमरींत ‘राइट’, म्हणजे डेटा लिहिणं, कमी करण्याचे विषय अलीकडे त्यात दिसतात. स्लाइडवर आलेख बहुधा एकच: बदलणारे बिट इतके टक्के कमी झाले. मग एक्स्टर्नल विचारतात, ‘बरं, वेळ किती वाचला?’ आणि गाईडसकट सगळे एकमेकांकडे बघतात.

बिट निम्मे म्हणजे वेळ निम्मा, हे गृहीतकच चुकीचं आहे. फेज-चेंज मेमरीत, म्हणजे पीसीएममध्ये, ० आणि १ लिहिण्याचा खर्च सारखा नसतो. रीसेट करताना (० लिहिताना) सेलमधला, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या घरातला, पदार्थ वितळवून झटकन थंड करतात: करंट जास्त, पल्स छोटा. सेट करताना (१ लिहिताना) त्याला स्फटिक व्हायला सवड द्यावी लागते: करंट कमी, पल्स बराच लांब. आता एका ओळीतले (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यातले) बिट एकदमच लिहिले जात असतील, तर ४० चे २० केलेत तरी त्यात एक सेट उरला की वेळ तेवढाच. हिंजवडीची कंपनी बस शेवटचा माणूस चढल्याशिवाय सुटत नाही, तसंच हे.

वेळ वाचतो तो चिपची पॉवर मर्यादा आड येत असेल तेव्हा. एका वेळी ठरावीकच बिट लिहिता येतात, म्हणून ओळ अनेक फेऱ्यांत लिहावी लागते. २००९ मध्ये मांडलेल्या फ्लिप-एन-राइटचा डाव नेमका इथे आहे. जुना डेटा वाचायचा, नव्याशी ताडून बघायचा आणि निम्म्याहून जास्त बिट बदलणार असतील तर सगळे उलटे करून लिहायचे, सोबत ‘उलटं केलंय’ हे सांगणारा एक फ्लॅग बिट. निम्म्याहून जास्त बिट कधीच लिहावे लागणार नाहीत, ही हमी मिळते आणि फेऱ्या घटतात. तेव्हा रिपोर्टमध्ये सेट आणि रीसेट वेगवेगळे मोजा, फेऱ्या दाखवा. आधीच्या वाचनाचा आणि फ्लॅगचा खर्चही धरा. तो हटकून गाळला जातो.

टेस्ट डेटा कुठून आणलात, हेही बघा. शून्यांनी भरलेल्या बफरवर कुठलीही पद्धत चमत्कार करते. उलट पूर्ण रँडम डेटावर ३२ बिटांच्या शब्दामागे साध्या तुलनेने (फक्त बदललेले बिट लिहून) सरासरी १६ बिट लिहावे लागतात, फ्लिप-एन-राइटने साधारण १४. बस्स, एवढंच.

एन्क्रिप्शन जोडलं की गंमत आणखी वाढते. मूळ मजकुरात एकच बिट बदलला तरी नव्याने एन्क्रिप्ट केलेल्या ओळीतले जवळपास निम्मे बिट बदलतात. एन्कोडर, म्हणजे बिट उलटे करायचे का हे ठरवणारा भाग, एन्क्रिप्शनच्या आधी बसवून बचत दाखवणारे प्रोजेक्ट त्यामुळे फसवे ठरतात. मोजमाप सेलपाशीच हवं.

लिहून लिहून झिजणाऱ्या सेलचं आयुष्य वाढवणं हा वेगळा प्रश्न आहे. बिट कमी केल्याने एकाच पत्त्यावर होणारा मारा थांबत नाही. त्यासाठी स्टार्ट-गॅपसारखं वेअर लेव्हलिंग, म्हणजे झीज सगळीकडे सारखी वाटणारी पद्धत, लागतं. दर १०० राइटमागे एक ओळ सरकवली तर जादा राइट १ टक्क्याच्या आसपासच होतात, म्हणजे स्वस्तात काम होतं.

आकडे विचित्र येत असतील तर आधी ट्रेस, म्हणजे प्रोग्रामने मेमरी कुठे-कशी वापरली याची नोंद, उघडा. त्यात नुसते पत्ते असतील आणि डेटा नसेल, तर एन्कोडर कशाशी तुलना करणार? जेम-फाइव्ह या कॉम्प्युटर सिम्युलेटरमध्ये राइट फारच कमी दिसत असतील तर बहुतेक सिम्युलेशन छोटं आणि कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) मोठी आहे. बदललेल्या ओळी कॅशमधून बाहेरच पडलेल्या नसतात.

लॅपटॉपच्या साध्या रॅमचा तुकडा पर्सिस्टंट (वीज गेली तरी टिकणारी) मेमरी म्हणून राखून ठेवता येतो. प्रोग्राम बरोबर चालतो का, हे पाहायला तो उत्तम. पण त्यावर मोजलेला वेळ हा डीरॅमचाच, म्हणजे त्या साध्या रॅमचाच, वेळ. लॅबमध्ये इंटेलचं जुनं ऑप्टेन हे पर्सिस्टंट मेमरीचं मोड्यूल मिळालंच (२०२२ मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळला), तर लक्षात ठेवा: कॅशची ओळ ६४ बाइटची, पण मोड्यूल आत २५६ बाइटच्या तुकड्यांत लिहितं. इकडेतिकडे विखुरलेले छोटे राइट पाठवलेत तर आत चौपटीपर्यंत लेखन होऊ शकतं. शेजारचे बदल एकत्र करा आणि प्रत्येक स्टोअरनंतर फ्लश (कॅशमधली ओळ मेमरीकडे पाठवणं) व फेन्स (आधीचं लेखन पुरं होईपर्यंत थांबणं) लावण्यापेक्षा एका गठ्ठ्यामागे एकच फेन्स ठेवा, क्रम खरोखरच महत्त्वाचा नसेल तिथे.